पहिली वाटी बोक्याची

कुत्र्याचं जेवण कुत्रा विकत घेत नाही, हीच या धंद्यातली खरी गोम आहे. विकत घेतो माणूस. तो आधी पाकिटावरचं चित्र बघतो, मग डब्याचं झाकण उघडून आत नाक खुपसतो आणि ठरवतो की हे आपल्या लाडक्याला आवडेल की नाही. लाडका बिचारा खाली शेपूट हलवत उभा. त्याला कोण विचारतंय?

मी या माणसांवर चिडते. उघड चिडते, तोंडावर चिडते. एकदा दुकानात जाऊन बघाच. पाकिटावर हिरवंगार कुरण, त्यात धावणारा तुकतुकीत कुत्रा, शेजारी मातीतून आत्ताच उपटल्यासारखं गाजर. पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचली की आत काय? मक्याचा कोंडा, साखरेचा पाक आणि लाल-हिरवा रंग. हा रंग कुणासाठी? कुत्र्याला लाल-हिरव्यातला फरक धड कळतही नाही. पण मालकाला हिरवी गोळी दिसली की तो म्हणतो, अरे वा, भाजी पण आहे! याच माणसाच्या ताटात कुणी रंगवलेला कोंडा वाढला तर ताट भिरकावून देईल.

या धंद्यात पडायच्या आधी मी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात होते. एकाला बिनमिठाचं, दुसऱ्याला बिनसाखरेचं, तिसऱ्याला नुसतं पातळ. एकाची वाटी दुसऱ्याच्या खाटेवर गेली की संपलंच. तिथं एक गोष्ट अंगात मुरली. पातेल्यात काय घातलंय याच्याइतकंच, काय घातलेलं नाही हेही छातीवर हात ठेवून सांगता आलं पाहिजे.

माझा भाऊ, म्हणजे आमचा धाकटा, माझ्या अगदी उलट. मी कडू काढा, तो खडीसाखर. तो फोनच्या दुकानात काम करायचा आणि नको असलेल्या माणसालाही फोन विकून यायचा. त्यानंच एके दिवशी दुकानामागे सापडलेलं एक पिल्लू शर्टात गुंडाळून आणलं. ते पिल्लू खिडकीच्या कट्ट्यावर चढून बसायचं आणि पंजे चाटून तोंड पुसायचं, म्हणून त्याचं नाव बोका पडलं. रस्त्यात धाकट्यानं "बोक्या!" म्हणून हाक मारली आणि एवढा थोरला तपकिरी कुत्रा धावत आला की लोक हसायचे. धाकटाही हसायचा. त्या कुत्र्याइतका जीव त्यानं आयुष्यात दुसऱ्या कशालाच लावला नाही.

पाकिटातलं खाऊन बोक्याच्या अंगाला खाज सुटली. पाठीवरचे केस गेले, कातडी लाल झाली. मी पाकीट कचऱ्यात टाकलं आणि पातेलं चढवलं. कोंबडी, थोडं काळीज, मऊ भात, गाजर, भोपळा, अंड्याच्या टरफलांची बारीक पूड, वरून मासळीचं तेल. मीठ नाही, फोडणी नाही, कांदा-लसूण तर नावालाही नाही, कारण कुत्र्याला ते विष. बोक्याच्या अंगावर पुन्हा केस आले, ते असे की शेजारचे हात फिरवायला यायचे. मग विचारायला लागले, आमच्याही कुत्र्याला करून द्याल का? असा हा धंदा सुरू झाला. धाकट्यानं फोनचं दुकान सोडलं. आम्ही बहीण-भाऊ वरच्या मजल्यावर राहायचो आणि खालच्या खोलीत स्वयंपाकघर केलं.

कामाची वाटणी सरळ होती. सकाळी मी शिजवायचे. पातेलं उतरलं की दुसऱ्या दिवसाचं मांस आणि भाजी आणायला स्वतः जायचे, कारण माल निवडायच्या बाबतीत माझा कुणावरही विश्वास नाही. मी बाहेर असताना जेवण निवायचं आणि धाकटा ते डब्यांत भरून घरोघर पोचवायचा. मात्र एक नियम होता आणि तो माझा होता. प्रत्येक पातेल्यातली पहिली वाटी बोक्याची. बोक्यानं वाटी चाटली की झाकणं लावायची. त्यानं तोंड फिरवलं तर अख्खं पातेलं ओतून द्यायचं. एकदा काळीज जरा जुनं निघालं होतं. मला कळलं नाही, कसायाला कळलं नाही, बोक्याला कळलं. तेव्हापासून तो आमचा साहेब.

तर मूळ मुद्दा वासाचा.

काही महिन्यांपासून धाकट्यानं भुणभुण लावली होती. "ताई, लोक म्हणतात आपल्या जेवणाला वासच नाही. मासळीचा येतो, तो नको म्हणतात. डबा उघडला की कसं, भूक लागल्यासारखं वाटलं पाहिजे."

"कुणाला?"

"म्हणजे... त्यांना."

"मग त्यांना सांग हॉटेलात जा."

"ताई, गिऱ्हाईक तुटतंय. त्या दातवाल्या बाईंनी सगळे डबे परत पाठवले. त्यांचा कुत्रा तोंड लावत नाही."

दातवाल्या बाई म्हणजे पलीकडच्या रस्त्यावरच्या दाताच्या डॉक्टर. त्यांचा कुत्रा वासराएवढा. मी तिथल्या तिथे त्यांना फोन लावला. म्हटलं, "बाई, तुमच्या कुत्र्याला पाकिटातल्या साखरेची चटक लावलीत तुम्ही, आता नावं आम्हाला ठेवताय? वास तुमच्या कुत्र्याला नकोय, तुम्हाला हवाय. मग तुम्हीच खा!" त्यांनी फोन ठेवला. धाकट्यानं कपाळावर हात मारला.

"काय केलंस हे?"

"खरं बोलले."

"थोडंसं काहीतरी घातलं तर काय बिघडेल? नुसतं वासापुरतं?"

"पातेल्यात काय पडायचं ते मी ठरवणार," मी झारा त्याच्यासमोर नाचवत म्हटलं. "पुन्हा हा विषय काढलास तर हाच डोक्यात घालीन."

त्यानं पुन्हा विषय काढला नाही. मला वाटलं, शहाण्याला शब्दाचा मार.

त्यानंतरच्या आठवड्यात बोका मंदावला. जिना चढताना मधेच बसायला लागला. आधी मी म्हटलं, वय झालं. मग एका सकाळी त्यानं वाटीकडे बघितलंच नाही आणि भिंतीपाशी जाऊन लघवी केली. ती काळपट लाल होती, कडक चहासारखी. मी त्याचा ओठ वर करून बघितला. हिरड्या पांढऱ्याफटक. धाकट्यानं त्याला उचललं आणि आम्ही तसेच प्राण्यांच्या डॉक्टरांकडे पळालो.

डॉक्टर तसे तरुण, बोलणं हळू, कुत्र्याशीसुद्धा "बरं का बाळा" करून बोलणारे. त्यांनी बोक्याच्या हिरड्या दाबून बघितल्या, पोट चाचपलं, रक्त काढून नळीत भरलं. म्हणाले, "रक्तातल्या लाल पेशी फुटतायत. कशामुळे ते शोधायला हवं. खाण्यात कांदा आला होता का? किंवा लसूण? कच्चा, शिजलेला, पूड, कसाही?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"डॉक्टर, तुम्ही कुणाशी बोलताय माहितीये का? मी कुत्र्यांसाठी शिजवते. रोज. अर्धं गाव माझ्या हातचं खाऊ घालतं कुत्र्यांना. माझ्या स्वयंपाकघरात कांद्याचं साल सापडलं तर नाव बदलेन. लोकांना जे विचारता ते मला विचारायचं नाही!"

"नाही, मी फक्त खात्री करून..."

"खात्री काय करायची? मी सांगतेय ना!"

टेबलाच्या पलीकडे धाकटा बोक्याचं डोकं धरून उभा होता. मला आता आठवतं, तो खाली बघत होता. तेव्हा मला वाटलं कुत्र्याकडे बघतोय.

डॉक्टरांनी घसा साफ केला. "ठीक आहे. मग गोचिडीचा ताप असू शकतो. त्यातही असंच होतं. रक्त तपासायला पाठवतो, तोवर त्यावरचं औषध सुरू करू." आणि त्यांनी गोचिडीच्या तापावरचं औषध सुरू केलं. घरी येताना मी वाटभर बडबडत होते. आजकालच्या डॉक्टरांना काही येत नाही, एक ठोकळेबाज प्रश्न पाठ केलेला असतो, समोर कोण आहे ते बघत नाहीत. धाकटा तोंडात मिठाची गुळणी धरून चालत होता.

दोन दिवस ते औषध चाललं. बोका उठत नव्हता. मी गोचिडी शोधायला त्याचे कान, काखा, बोटांच्या बेचक्या, सगळं चिमट्यानं धुंडाळलं. एकही सापडली नाही. नाही सापडली म्हणून आणखी चिडले आणि धाकट्याला म्हटलं, "तूच याला कुठल्या तरी गवतात नेलं असशील!" त्यानं मान हलवली. हो की नाही, तेही कळेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी टपालकाका दारात आले. हे टपाल खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, त्यांची छोटी केसाळ कुत्री आमच्या पहिल्या गिऱ्हाइकांतली. रिकामे डबे परत द्यायला आले होते. चेहरा खुललेला.

"ताई, काय जादू केलीत हो या खेपेला? झाकण उघडलं की घरभर वास! आमची तर वाटी ढकलत ढकलत दारापर्यंत नेते. खरं सांगू? मलाच एक घास घ्यावासा वाटला."

मी त्यांना दारातच थांबवलं. मग आत गेले, फ्रीजमधला त्याच खेपेचा भरलेला डबा काढला आणि झाकण उघडलं. इतकी वर्षं ज्या माणसांना शिव्या घातल्या त्यांच्यासारखंच नाक आत खुपसलं. खमंग वास आला. तळलेल्या कांद्याचा.

पुढे मी काय केलं ते सगळं आठवत नाही. टपालकाकांच्या हातातले डबे मी हिसकावून घेतले आणि "घरी जा, तिला यातलं काही देऊ नका, घरी जा!" असं ओरडले, एवढं आठवतं. धाकटा जिन्यावरून खाली आला तेव्हा मी तो डबा त्याच्या अंगावर फेकला. भात त्याच्या शर्टाला चिकटला. त्यानं तो झटकलासुद्धा नाही.

"काय घातलंस?"

"पूड," तो म्हणाला. "सुपात घालतात ना ती. तळलेल्या कांद्याची. अगदी थोडी, ताई. कच्चा कांदा वाईट हे मला माहीत होतं. मला वाटलं तळलेला, वाळवलेला... त्यात काय राहतं?"

"त्यात सगळं राहतं! उलट पाणी उडतं आणि विष तेवढं उरतं! मूर्खा, मला विचारायचं होतंस!"

"विचारलं होतं."

"आणि बोक्याला? बोक्याला किती दिलंस?"

तो पायरीवर बसला. "प्रमाण बसेना. पहिल्यांदा जास्त पडली, मग कमी केली, मग पुन्हा... प्रत्येक वेळी त्यालाच दिलं चाखायला. तुझाच नियम ना? बोक्यानं चाटलं की चांगलं. तो तर वाटी सोडत नव्हता. मी म्हटलं, बोका खातोय म्हणजे ठीकच असणार. बाकीच्या डब्यांत मग चिमूटचिमूटच गेली."

लोकांच्या घरी चिमूट गेली होती आणि आमच्या घरी चमचे. जुन्या काळजाचा वास ओळखणाऱ्या कुत्र्याला कांद्यातलं विष ओळखता येत नाही. त्याला ते आवडतं. हे मला माहीत होतं, पुस्तकं वाचून माहीत होतं, आणि तरी तो नियम मी भिंतीवर लिहावा इतक्या तोऱ्यात सगळ्यांना सांगत फिरत होते.

मी धाकट्याला मारलं. चाळिशीच्या माणसाला उघड्या दारात बहिणीनं थोबाडीत दिली आणि त्यानं हातही आडवा धरला नाही. मला आणखीच राग आला.

डॉक्टरांना फोन केला. मी एका दमात सगळं सांगितलं. पलीकडे कागद उलटल्याचा आवाज झाला. मग ते म्हणाले, "तपासणीचा निकाल आत्ताच आला. त्यातही तेच दिसतंय. मला पहिल्या दिवशी तीच शंका होती, पण तुम्ही म्हणालात..." पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. "घेऊन या. आता रक्त द्यावं लागेल. माझ्याकडे रक्त देणारे दोन कुत्रे आहेत, एकाचं परवाच घेतलंय, दुसरा बाहेरगावी आहे. तुम्हाला कुणी मोठा, तब्येतीचा कुत्रा माहीत आहे का? पण एक लक्षात ठेवा. तुमचं हे जेवण ज्यानं खाल्लंय, त्याचं रक्त चालणार नाही."

आमच्या ओळखीचा एकूण एक कुत्रा आमचं जेवण खायचा.

बोक्याला दवाखान्यात पोचवलं, आणि बाहेरच्या बाकावर बसून धाकट्याला फोन हातात घ्यायला लावला. पुढच्या कुठल्या कुत्र्याच्या पोटात ते जाण्याआधी सगळ्यांना सांगायला हवं होतं. तो म्हणाला, "ताई, असं सांगू का की फ्रीज बिघडला होता, डबे परत द्या?"

"कांदा हा शब्द उच्चारायचा," मी म्हटलं. "प्रत्येकाला. मी ऐकतेय."

त्यानं उच्चारला. एकामागून एक. "नमस्कार, मी बोलतोय, जेवणाच्या डब्याचा. या आठवड्याच्या डब्यात चुकून... नाही, चुकून नाही, मी कांद्याची पूड घातली होती. देऊ नका. हिरड्या बघा, पांढऱ्या वाटल्या तर लगेच डॉक्टरांकडे न्या." काहींनी निमूट ऐकून घेतलं. एक बाई रडायला लागली. एका गृहस्थांचा आवाज मला शेजारी बसून ऐकू आला, "तुमची बहीण इतकी वर्षं नाकानं कांदे सोलत होती ना, घ्या म्हणावं आता!" मला वाटलं फोन ओढून घ्यावा आणि त्याला चार सुनवाव्यात. पण काय सुनवणार होते?

यादी संपत आली तसा तो थांबला. "एकच कुत्रा आहे ताई, ज्यानं आपलं कधी काही खाल्लं नाही."

मला कळलं. मी उठले.

दातवाल्या बाईंच्या दवाखान्यात खुर्चीवर एक माणूस आ वासून आडवा होता आणि बाई सुई टोचून नुकत्याच सरळ होत होत्या. मला बघून त्यांनी तोंडावरचा मास्क खाली केला. "तुम्हीच ना? 'तुम्हीच खा'वाल्या?"

"हो. मीच."

माफी मागायची म्हणून आले होते. वाटेत वाक्यही जुळवलं होतं. पण तोंडातून निघालं ते असं, "आमच्या मूर्ख भावानं जेवणात कांदा घातला. आमचा कुत्रा मरतोय. तुमच्या कुत्र्यानं आमचं काही खाल्लं नाही म्हणून त्याचंच रक्त चालेल. देणार असाल तर आत्ता द्या, नसाल तर तसं सांगा, माझा वेळ घालवू नका."

खुर्चीतल्या माणसानंसुद्धा मान वळवून माझ्याकडे बघितलं. बाईंनी हातातली सुई बाजूच्या ट्रेमध्ये ठेवली. मग त्यांनी हातमोजे काढले आणि त्या माणसाला म्हणाल्या, "तुमची भूल चढेपर्यंत थोडा वेळ आहे. आलेच." जाता जाता मला म्हणाल्या, "मी तुमच्यासाठी येत नाहीये, एवढं समजून घ्या."

त्यांचा कुत्रा देवमाणूस निघाला. प्राण्यांच्या दवाखान्यात त्याला टेबलावर आडवं केलं, मानेवरचे केस काढले, सुई घातली, तो हूं की चूं न करता पडून राहिला. बाई त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होत्या. पिशवी भरली. डॉक्टर ती घेऊन आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

मग आम्ही बसलो. भिंतीवर रंगाचे पोपडे निघालेलं पोपटाचं चित्र, कोपऱ्यात पाण्याचं मशीन, फिनाइलचा वास. पलीकडच्या बाकावर दातवाल्या बाई, पायाशी मानेला पट्टी बांधलेला त्यांचा कुत्रा. त्यांच्या माणसाची भूल एव्हाना उतरायला लागली असेल, पण त्या उठल्या नाहीत. धाकट्याच्या शर्टावर भात वाळला होता.

मला राहवेना. मी हळू आवाजात, पण दातओठ खात विचारलं, "डॉक्टरांनी विचारलं होतं तुझ्यासमोर. शब्द न शब्द विचारलं. कांदा, लसूण, पूड. तेव्हा तुझी जीभ झडली होती का? दोन दिवस आपण त्याला भलतंच औषध पाजत होतो! दोन दिवस, धाकट्या!"

"मी तोंड उघडलं होतं," तो म्हणाला.

"खोटं बोलू नकोस."

"उघडलं होतं. तेवढ्यात तू डॉक्टरांवर ओरडायला लागलीस. ते गप्प झाले. ताई, ते डॉक्टर आहेत, त्यांचं काम आहे ते, आणि ते गप्प झाले. मग मी काय बोलणार? नंतर म्हटलं घरी सांगू. घरी तू चिमटा घेऊन गोचिडी शोधत होतीस आणि शिव्या देत होतीस. म्हटलं उद्या सांगू. म्हटलं, तोवर औषधानं बरं वाटलं तर सांगावंच लागणार नाही." त्यानं नाक पुसलं. "मी चुकलो. मला फाशी दे. पण तुला काही सांगायचं म्हणजे... तुला माहीत नाही ताई, ते काय असतं ते."

"म्हणजे चूक माझी?" माझा आवाज चढला. पायाशी झोपलेल्या कुत्र्यानं कान टवकारले. "चोराच्या उलट्या बोंबा! कांदा तू घातलास, लपवलास तू, आणि आता मी ओरडते म्हणून..."

"हे बघ," तो म्हणाला. "हेच."

दातवाल्या बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मी गप्प बसले. आतून राग उकळत होता. त्याच्यावर होता, कांद्याची पूड विकणाऱ्यांवर होता, डबा उघडून हुंगणाऱ्या साऱ्या जगावर होता. आणि त्यातला काही राग कुठे जागा सापडत नाही म्हणून परत फिरून माझ्याकडेच येत होता. मी त्याला येऊ देत नव्हते.

दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. मी उभी राहिले. पण त्यांनी लगेच नजर काढून घेतली आणि धाकट्याला म्हणाले, "तुम्ही जरा इकडे येता का?"

ते दोघं पाण्याच्या मशीनपाशी जाऊन उभे राहिले. मी इथे बाकाजवळ. इतकी वर्षं सगळे निर्णय मी घेतलेले. कागदावर सही माझी, पातेलं माझं, नियम माझा. तरी डॉक्टर त्याच्याशी बोलत होते, मान खाली घालून, मला ऐकू जाणार नाही इतक्या हळू. धाकट्यानं मान हलवली. डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं पुन्हा मान हलवली. रक्त उशिरा मिळालं होतं. मला ऐकू आलं नाही, पण दुसरं काय सांगत असणार?

बोका गेला होता.

धाकटा वळला. त्याचा चेहरा कोसळला होता, पण डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. रडणं त्यानं अडवून धरलं होतं, कारण आधी त्याला माझ्याकडे बघायचं होतं. मी आता काय करीन, ते तो बघत होता. त्याचे खांदे किंचित वर आले होते, मार चुकवायला येतात तसे. त्याच्या मागे डॉक्टरही तसेच उभे होते.

"सांग," मी म्हटलं. मला ते हळू म्हणायचं होतं. पण तेही दरडावल्यासारखंच निघालं. दुसरा आवाज मला काढता येत नाही.

तो जवळ आला नाही. हात पोचणार नाही एवढ्या अंतरावर थांबला आणि म्हणाला, "ताई, तू आधी बस ना."